ध्वनिफितीत न मावणारं व्याकरण

कॅनडाच्या नैर्ऋत्येला आणि लगतच्या अमेरिकेत पसरलेल्या सेलिश कुळात 23 भाषा आहेत. त्यांत ‘माणूस’सारखा शब्दही क्रियापदासारखा थेट विधेय होतो. म्हणून नाम-क्रियापद हा भेद सर्व भाषांत नसतो, असं भाषाशास्त्रज्ञ डेल किंकेड यांनी 1983 मध्ये मांडलं. 1986 मध्ये यान फान आइक आणि थॉम हेस यांनी ते खोडलं: मालकीचे प्रत्यय घेणारे आणि क्रियाव्याप्तीचे (क्रिया चालू की पूर्ण, हे दाखवणारे) प्रत्यय घेणारे शब्द तिथेही वेगळे पडतात. मग असे वाद सोडवायला ध्वनिमुद्रित कथा जपल्या की पुरे, असं कुणी म्हणेल. त्या अमोल आहेतच. पण कथेत बोललेलं तेवढंच सापडतं. अमुक रचना चालतच नाही, हे भाषकाला विचारूनच कळतं. आणि लहानपणापासून या भाषा बोलणारे आता मोजकेच, बहुतेक वयोवृद्ध आहेत.