पावसाळ्याची तरतूद

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरी, सुवर्णदुर्गासमोरच्या पुळणीवर मासळीचा जो लिलाव भरतो तो पाहावयास आलेल्या प्रवाशाला पाण्यात शिरून होड्यांवरची मासळी उतरविणाऱ्या बैलगाड्या दिसतात, पापलेट-सुरमईचे ढीग दिसतात. परंतु तेथे हातोहात फिरणाऱ्या रोकडीपैकी दर्यावर्दी कुटुंबाच्या चुलीपर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही.

जेथे वाट्याची पद्धत टिकून आहे तेथे विक्रीच्या रकमेतून आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, मग होडी-जाळ्यांबद्दल नाखव्याचा हिस्सा निघतो, आणि जे शिल्लक राहते त्याचे वाटे तांडेल व खलाशी यांच्यात पडतात. एवढेही उत्पन्न १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या काळात थांबते; आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांची वह्या-पुस्तके, घराची शाकारणी व होडी-जाळ्यांची डागडुजी हे सारे खर्च एकदम दाराशी येतात. ही तूट व्यापाऱ्याच्या उचलीने भरून निघते. त्या उचलीला दस्तऐवज लागत नाही, जामीन लागत नाही. मात्र पुढील हंगामातील मासळी त्यालाच, आणि पुष्कळदा त्याच्याच दराने, द्यावी लागते, त्यामुळे जे व्याज कोणत्याही वहीत लिहिलेले नसते ते भावातून वसूल होते. व्यापाऱ्याला केवळ दोष देणे मला न्याय्य वाटत नाही, कारण अडल्या वेळी तोच उभा राहतो.

या संसाराचा खरा खजिना स्त्रियांच्या हाती आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सुकविलेले बोंबील, जवळा आणि बांगडे पावसाळ्यात खाण्यासही येतात व विकण्यासही. भिशीचे पैसे आणि हंगामात केलेले, आषाढात गहाण पडणारे सोने, हीच त्यांची पेढी. परंतु २०२० साली मार्चपासूनच्या टाळेबंदीने बाजार विस्कळीत केलेले असताना ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली किनाऱ्यावरील घरांची छपरे आणि नारळ-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा असली काटकसर किती तोकडी पडते हे सर्वांना कळून चुकले.

सरकारी तजवीज नाही असे नव्हे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराने १,५०० रुपये साठविल्यास सरकार ३,००० घालते. पण एवढ्या ४,५०० रुपयांत बंदीचे दोन महिने कुटुंब चालत नाही. म्हणून अधिक महत्त्व किसान क्रेडिट कार्डाचे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पाने ते मच्छीमारांना खुले केले, आणि १ जानेवारी २०२५ पासून शेती व तिच्या जोडधंद्यांस २ लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण देण्याची मुभा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तेव्हा बँकांना व मच्छीमार सहकारी सोसायट्यांना आमची विनंती एवढीच की, कर्जाची मंजुरी मे महिना संपण्यापूर्वी व्हावी, त्याची परतफेड हंगामाच्या महिन्यांतच मागितली जावी, आणि होडी नावावर नसलेल्या खलाशाचा व डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणाऱ्या बाईचा अर्ज त्यांच्या स्वतःच्या नावाने स्वीकारला जावा.