योग्याकार्ता : कलावंतांनी घडवलेले कलाकेंद्र

इंडोनेशियातील जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरात सुलतानाची गादी आजही टिकून आहे आणि सुलतानच या विशेष प्रदेशाचा गव्हर्नर असतो. तरीही दरबारी नृत्य, बाटिक आणि गामेलान, म्हणजे मुख्यतः कांस्याच्या घनवाद्यांचा वाद्यवृंद, यांच्या या माहेरघरातच देशातील अत्यंत धीट समकालीन कला रुजली, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. येथे १९५० मध्ये ललितकला अकादमी स्थापन झाली. पुढे १९८८ मध्ये मेला यार्स्मा आणि निंदित्यो आदिपुर्नोमो या कलावंत दांपत्याने सरकारी पाठबळाची वाट न पाहता ‘चेमेती’ हे कलादालन सुरू केले, आणि प्रयोगशील कलेला हक्काची जागा मिळाली.

राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची राजवट कोसळली त्याच वर्षी, १९९८ मध्ये, येथे स्थापन झालेला ‘तारिंग पादी’ हा गट लाकडी ठशांवरून छापलेली भित्तिपत्रके आणि पुठ्ठ्याच्या मोठ्या बाहुल्या घेऊन शेतकरी व कामगारांच्या आंदोलनांत उतरतो. सामूहिक निर्मितीवरील निष्ठेपोटी या चित्रांवर एकट्या कलावंताचे नाव नसते, आणि हीच या गटाची सर्वांत मोलाची देणगी मानावी लागेल.

दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘बिएनाले जोग्या’ या प्रदर्शनाने २०११ पासून युरोप-अमेरिकेऐवजी विषुववृत्ताच्या पट्ट्यातील देशांशी संवाद आरंभला. त्यातील पहिला सहभागी देश भारत होता आणि त्यानंतर अरब प्रदेश, नायजेरिया व ब्राझील यांची पाळी आली.