गुरुवारची मासी

बडोद्याहून पूर्वेस वीसेक किलोमीटरवर वाघोडिया. वाटेत दोन्ही बाजूंस कारखाने लागतात. ते मागे पडले की कपाशीची आणि तुरीची शेते सुरू होतात, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर पावागड दिसू लागतो. गेली दोन वर्षे दर गुरुवारी सकाळच्या पहिल्या एस. टी.ने आम्ही या रस्त्याने जातो. आम्ही म्हणजे दांडिया बाजार आणि रावपुरा येथील चौघीजणी, संसाराच्या व्यापातून बऱ्याचशा मोकळ्या झालेल्या. तालुक्यातील एका खेड्यात मुलींचे बालगृह आहे. तेथे दिवसभर हाती येईल ते काम करावे आणि दिवेलागणीला परतावे, असा आमचा नेम. गृहाचे नाव येथे देत नाही. अशा मुलींची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५च्या बालन्याय कायद्याने मनाई आहे; आणि कायदा नसता तरी आम्ही ते दिले नसते.

वाघोडियाच्या भूमीला सेवाकार्य नवे नाही. याच तालुक्यात गोरज येथे अनुबेन ठक्कर यांनी १९८०च्या सुमारास मुनि सेवा आश्रमाचे काम उभे केले. निराधार मुलांसाठी परिवार मंदिर, गतिमंद भगिनींसाठी भगिनी मंदिर, शाळा, आणि पुढे कैलास कॅन्सर हॉस्पिटल, असा त्याचा विस्तार झाला. ते नाव ऐकूनच आमच्या मनात ‘आपणही काही करावे’ हा विचार आला. परंतु करावयाचे म्हणजे नेमके काय, हे आम्हांस मुलींनीच शिकवले.

पोहोचताच पहिले काम वेण्यांचे. पंचवीस डोकी, एकच आरसा आणि शाळेची घाई! केस विंचरता विंचरता उवा पाहावयाच्या, कानामागचा मळ पुसावयाचा, नखे कापावयाची. मुली शाळेत गेल्या म्हणजे धान्य निवडणे, तुटलेल्या गुंड्या लावणे, कपड्यांची मोजदाद करणे. सायंकाळी अभ्यास. आम्ही बडोद्यात वाढलो, गुजराती वाचतो-बोलतो. पण लिहावयास बसलो की हात सवयीने अक्षरांवर रेघ ओढतो. मग एखादी चिमुरडी गंभीरपणे बजावते, “मासी, माथे लीटी ना दोराय!” पाढे मात्र आमच्याकडून त्या मराठीत ऐकतात आणि ‘बे एके बे’ दोन्ही भाषांत सारखेच निघाल्यावर खदखदून हसतात. खिचडी-कढीचे जेवण वाढून झाले की आमची निघण्याची वेळ होते.

आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. पहिल्याच महिन्यात आठ वर्षांच्या एका मुलीला आम्ही सहज म्हणून गेलो, “रविवारी येऊ हं, तुला फिरायला नेऊ.” रविवारी आमच्यापैकी एकीच्या घरी पाहुणे आले आणि जाणे राहिले. गुरुवारी कळले, की ती पोर न्याहारीपासून दिवस मावळेपर्यंत फाटकाशी बसून होती. दुपारी जेवली नाही. आम्ही नेलेला खाऊ तिने घेतला, आभार मानले आणि वेणी दुसऱ्या कोणाकडून घालून घेतली. पुढे दोन महिने ती आमच्याकडे आली नाही. गृहमाता एवढेच म्हणाल्या, “बेन, या मुलींना न आलेल्या माणसांची सवय आहे. आणखी एक झाले, इतकेच.”

त्या दिवसापासून आम्ही कोणतेही वचन देत नाही. फक्त गुरुवार पाळतो. धो धो पाऊस असो वा घरचे कार्य, चौघींपैकी दोघी तरी जातातच. मुलींनी आम्हांस ‘गुरुवारवाळी मासी’ असे नाव दिले आहे. कोणत्याही पदवीहून ते आम्हांस मोलाचे वाटते.

आपल्या मंडळींचा प्रेमळपणाही कधी कधी मुलांना जाचतो. वाढदिवसाचा केक घेऊन मोटारी येतात. मुली रांगेत उभ्या राहून प्रार्थना म्हणतात. तासाभरात सारे निघून जातात. परदेशांत तर याचा धंदाच झाला. पैसे भरून आठवडा-दोन आठवडे अनाथालयात राहावयास तरुण प्रवासी येऊ लागले, तशी कंबोडियासारख्या देशात अनाथालये वाढली; आणि तेथील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले! २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या प्रकाराविरुद्ध ठराव केला. त्यामागील सूत्र आपल्या कायद्यातही आहे : मूल कुटुंबात वाढावे, संस्था हा शेवटचा उपाय.

म्हणूनच आमच्यातील एकीने, जिची उभी हयात कचेरीत गेली, वेगळेच काम अंगावर घेतले आहे. गुजरात सरकारच्या ‘पालक माता-पिता’ योजनेत, आई-वडील दोन्ही नसलेल्या, किंवा वडील वारले आणि आईने पुनर्विवाह केला अशा मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांस दरमहा ३००० रुपये मिळतात. खेड्यातील आजीला हे ठाऊक नसते. ठाऊक असले तरी दाखले जमवणे तिला झेपत नाही. गेल्या वर्षी अशाच एका आजीचे कागद आमच्या या मैत्रिणीने चार खेपा घालून पुरे केले. बालकल्याण समितीची संमती मिळाली आणि नात घरी गेली. तिच्या वेणीचा गुरुवार आमच्या हातून सुटला, याचा आम्हांस जितका आनंद झाला, तितका दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

‘गुजरातेतील मुलींसाठी मराठी बायकांची धडपड कशाला?’ असे आम्हांस एकदा विचारण्यात आले. त्यांना आम्ही पंढरपूरची आठवण दिली. तेथील अनाथ बालकाश्रम १८७५ साली स्थापन केला तो लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनी. टाकून दिलेल्या किती अर्भकांना त्या दारात आसरा मिळाला! आणि बडोद्याचे म्हणाल, तर सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सुरू केलेले सक्तीचे शिक्षण १९०६ साली सर्व राज्यात लागू केले, तेव्हा मूल मराठी की गुजराती, हे पाहिले नव्हते. ज्या मातीने आपल्या चार-पाच पिढ्या पोसल्या, तिच्या लेकींची वेणी घालणे हे काही उपकार नव्हेत.

वाचक भगिनींपैकी कोणाला यावेसे वाटले, तर आनंदच आहे. रीतसर अर्ज आणि पोलिस पडताळणीचा दाखला लागतो, आणि तो लागावा हेच योग्य. छायाचित्रे काढता येत नाहीत. सध्या गणित शिकवणारे कोणी हवे आहे. मात्र येण्याआधी घरी कॅलेंडरासमोर उभे राहून आपला वार ठरवावा, आणि तो वर्षभर निभेल की नाही, याचा पक्का विचार करावा.

ती रुसलेली मुलगी आता दहा वर्षांची आहे. गेल्या गुरुवारी पावसामुळे एस. टी. तासभर उशिरा पोहोचली. ती ओसरीवर कंगवा घेऊन बसली होती. “उशीर झाला,” आम्ही म्हणालो. ती म्हणाली, “मने खबर हती, आवशो ज.” आणि पाठ करून बसली.