बिअर गोड का राहते?

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये आपल्या राज्यात परवान्यावाचून बिअर करता येत नाही. अमेरिकेतील आपले काही आप्त मात्र माल्टच्या अर्कापासून ती घरी करतात. ती गोड राहिली, तर दोष बहुधा आंबण्यात असतो. साखरेचे मद्य करणारे यीस्ट सजीव आहे; पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याचे वाण जतन केलेले आहेत. थंडीने ते मंदावते. हायड्रोमीटरचा आकडा १.०५० वरून १.०१२ च्या आसपास यावा. तो १.०२५ वर अडला, तर भांडे २० अंश सेल्सियसवर आणावे, ताजे यीस्ट घालावे. आकडा उतरूनही गोडी जाणवली, तर हॉप्सचा कडूपणा कमी पडला असे समजावे. आकडा स्थिरावण्यापूर्वी मात्र बाटल्या भरू नयेत: उरलेली साखर आत आंबते, वायू कोंडतो आणि बाटली फुटून माणूस जखमी होतो.