गॅसची पाईपलाईन : किल्ली कोणाच्या हातात?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुले आज नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत आहेत. २०२२ च्या हिवाळ्यात त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आम्हा बडोदेकर आई-वडिलांना नवल वाटायचे. मुले घरातच स्वेटर घालून बसलेली! "हीटर लावत का नाहीस?" म्हटले, की उत्तर यायचे, "बिल केवढं येतंय, ठाऊक आहे का?" सार्वजनिक इमारतींतल्या कचेऱ्या १९ अंशांपेक्षा जास्त तापवायच्या नाहीत, असा नियमच त्या सरकारने सप्टेंबरपासून लागू केला होता. एवढ्या श्रीमंत देशावर ही पाळी का आली, हा प्रश्न ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत निघाला होता. आमचे आयुष्य बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेले, म्हणून त्याच नजरेने हा विषय मांडत आहोत.

आधी तेल आणि गॅस यांतला फरक लक्षात घेऊ. तेल जहाजात भरले की कोणत्याही बंदरात नेता येते. एकाने नाही दिले तर दुसऱ्याकडून घेता येते. पाईपलाईन मात्र जमिनीत गाडलेली असते. तिच्या एका टोकाला विकणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, आणि मधे ज्यांच्या हद्दीतून ती जाते ते देश. खर्च अफाट असल्याने करार वीस-पंचवीस वर्षांचे होतात. त्यांत बहुधा असे कलम असते, की ठरलेला गॅस उचला वा न उचला, पैसे भरावेच लागतील. म्हणजे घेणारा गॅससाठी बांधलेला आणि विकणारा पैशासाठी.

जर्मनी आणि रशिया यांची ही गाठ १९७० सालची. त्या वर्षी १ फेब्रुवारीला एसेन शहरात करार झाला. पश्चिम जर्मनीच्या मानेसमान कंपनीने मोठ्या व्यासाचे पाईप द्यायचे, डॉइश बँकेच्या पुढाकाराने जर्मन बँकांनी १२० कोटी मार्कांचे कर्ज द्यायचे आणि सोव्हिएत संघाने गॅस द्यायचा. गॅस विकून कर्ज फेडायचे, असा चोख व्यवहार होता. पंतप्रधानपदी, म्हणजे तिकडच्या चान्सेलरपदी, विली ब्रांट होते. व्यापार वाढला की वैर कमी होईल, हा त्यांचा विचार. १९७३ मध्ये गॅस सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये सायबेरियातून येणारी नवी पाईपलाईन अडवण्यासाठी अमेरिकेच्या रेगन सरकारने युरोपातल्या कंपन्यांवरही निर्बंध लादले. तेव्हा खुद्द थॅचरबाईंनी विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये ते निर्बंध मागे घ्यावे लागले. शीतयुद्ध चालू असूनही गॅस येत राहिला, म्हणून जर्मनांचा विश्वास पक्का झाला.

पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि मुख्य पाईपलाईन युक्रेन या वेगळ्या देशाच्या हद्दीत गेली. युक्रेनला हा गॅस स्वस्तात मिळत असे. २००४ च्या आंदोलनानंतर तिथे पश्चिमेकडे झुकणारे सरकार आले. रशियाने दर हजार घनमीटरला ५० डॉलरवरून २३० डॉलर मागितला आणि १ जानेवारी २००६ रोजी युक्रेनचा गॅस तोडला. तीन-चार दिवसांत तडजोड झाली. जानेवारी २००९ मध्ये पुन्हा भांडण पेटले. या वेळी युक्रेनमार्गे युरोपला जाणारा गॅस सुमारे दोन आठवडे बंद होता आणि ऐन थंडीत बल्गेरिया, स्लोव्हाकियासारखे देश गारठले.

यावरून जर्मनीने काय धडा घेतला? विक्रेता बदलण्याऐवजी मधला देशच टाळला! बाल्टिक समुद्राच्या तळातून १,२२४ किलोमीटरची नॉर्ड स्ट्रीम २०११ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, त्यानंतरही २०१५ मध्ये रेडेन येथले जर्मनीतले सर्वांत मोठे गॅसकोठार रशियाच्या गाझप्रॉम कंपनीच्या ताब्यात गेले. मालतारण कर्जात गोदामाची किल्ली बँक स्वतःकडे ठेवते. इथे खरेदीदाराच्या गोदामाची किल्ली विक्रेत्याकडे होती! २०२१ मध्ये जर्मनीच्या गॅस आयातीपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियाचा होता, आणि त्याच हिवाळ्यात ते कोठार जवळजवळ रिकामे ठेवले गेले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले. पैसे रुबलमध्ये द्या, असा हुकूम निघाला. न मानणाऱ्या पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस २७ एप्रिलला तोडला. नॉर्ड स्ट्रीमचा पुरवठा जूनमध्ये ४० टक्क्यांवर, जुलैमध्ये २० टक्क्यांवर आणि सप्टेंबरच्या आरंभी शून्यावर आला. २६ सप्टेंबरला समुद्रतळाशी स्फोट होऊन पाईप फुटले.

युरोपने मोठी किंमत मोजली, पण मोडला नाही. जर्मनीने काही महिन्यांत विल्हेल्म्सहाफेन बंदरात द्रवरूप गॅस उतरवण्याची सोय उभी केली. उलट रशियाच्या पश्चिम सायबेरियातला गॅस अडकून पडला. चीनकडे जाणारी त्यांची पाईपलाईन वेगळ्या, पूर्वेकडच्या क्षेत्रांतून निघते, त्यामुळे हा गॅस तिकडे वळवता आला नाही. २०२३ मध्ये गाझप्रॉमला दोन दशकांहून अधिक काळानंतर प्रथमच वार्षिक तोटा झाला. पन्नास वर्षांत कमावलेली पत एका वर्षात गेली. पाईपलाईनची धमकी देता येते तोवरच तिचा धाक असतो. एकदा तोडून दाखवली, की गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधते.

आपल्याकडे इराण-पाकिस्तान-भारत आणि तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे येणारी, अशा दोन पाईपलाईनींची चर्चा वर्षानुवर्षे झाली. त्यांचा गॅस भारतात आलेला नाही. त्याऐवजी २००४ पासून आपल्या जवळच्या दहेज बंदरात कतारचा द्रवरूप गॅस जहाजाने येतो. जहाजाची वाट बदलता येते, हा फायदा. पण तेही होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच येते. शिवाय २०२२ मध्ये गाझप्रॉमच्याच एका पूर्वीच्या उपकंपनीने गेल कंपनीला ठरलेली जहाजे पाठवली नाहीत, तेव्हा आपल्याही खत कारखान्यांचा गॅस कमी करावा लागला. करार कितीही भक्कम असला, तरी समोरच्याची दानत पाहावीच लागते.

म्हणून यापुढे अशा पाईपलाईनची बातमी वाचताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. गॅस कोणाच्या हद्दीतून येणार? तो थांबला तर आपल्याकडे दुसरी वाट आहे का? आणि साठ्याची किल्ली कोणाकडे? कर्ज मंजूर करण्याआधी आम्ही साधारण हेच विचारत असू. जर्मनीने हे प्रश्न २०१५ मध्ये विचारले असते, तर आपल्या मुलांचे स्वेटर त्या हिवाळ्यात बहुधा कपाटातच राहिले असते.