पिंपरीच्या नावाचा रेणू

पिंपरी म्हटलं की गाड्यांचे कारखाने आठवतात. चाकण म्हटलं की आधी कांदा, मग पुन्हा गाड्या. पण पिंपरीच्या नावाचा एक रेणूही आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? त्याचं नाव पिंप्रिनीन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आपल्या ‘एच.ए.’त, मातीतल्या एका जिवाणूपासून तो मिळाला. त्या जिवाणूचं बारसंही गावाच्याच नावाने झालं: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जोशी, टेलर, भाटे आणि करमरकर यांनी १९६३ साली ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात पिंप्रिनीनची रचना उलगडून दाखवली. आता चीनमधले संशोधक पिकांवरच्या बुरशीला मारण्यासाठी याच रेणूची नवी नवी रूपं घडवतात आणि त्यांच्या निबंधांच्या शीर्षकांतच पिंपरी झळकते.

एच.ए. ही सार्वजनिक क्षेत्रातली देशाची पहिली औषध कंपनी. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ती उभी राहिली, ती पेनिसिलीनसाठी. तिथे फक्त इंजेक्शनच्या बाटल्या भरल्या जात, असा समज असेल तर तो सोडून द्या. कंपनीचं स्वतःचं शोधनियतकालिक होतं, ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’. पबमेड या जगातल्या वैद्यकीय निबंधांच्या मोठ्या सूचीत आजही ते सापडतं. ज्या एच.ए. मैदानावर २०१६ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या शेजारून एकेकाळी विज्ञानाचं नियतकालिकही निघत होतं!

या सगळ्यामागचा मोठा माणूस म्हणजे एम. जे. थिरुमलाचार. बुरशी आणि जिवाणूंचे पारखी, भटनागर पुरस्काराचे मानकरी. १९६१ मध्ये त्यांच्या गटाने बुरशीविरोधी हॅमायसीन शोधलं. नावातलं ‘हॅ’ कुठून आलं? एच.ए.मधून! पुढे डर्मोस्टॅटिन आलं, पिकांसाठी ऑरिओफंगिन आलं. पेनिसिलीनचं औषध करून दाखवणाऱ्या अर्न्स्ट चेन यांच्या सन्मानार्थ थिरुमलाचारांनी एका नव्या जिवाणू-प्रजातीला ‘चेनिया’ म्हटलं. त्यावरचा निबंध १९५५ साली थेट ‘नेचर’मध्ये आला.

चेनिया हे नाव मात्र टिकलं नाही. १९८६ मध्ये गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी चेनियातले सगळे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिसमध्ये हलवले. तरी गंमत पाहा. त्यातल्या पुण्याच्या जिवाणूचं पूर्ण नाव आज असं लिहितात: स्ट्रेप्टोमायसिस पूनेन्सिस, कंसात थिरुमलाचार १९६०, मग गुडफेलो १९८६. म्हणजे मूळ शोधकर्त्याचा उल्लेख नावातच शिवलेला. घराणं बदललं तरी बारसं कुणी केलं, ते पुसलं जात नाही.

आणि इथेच मला सायटेशनच्या आकड्यांबद्दल बोलायचंय. कुणाचा निबंध किती वेळा उद्धृत झाला, हे मोजायची पद्धत यूजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने १९६४ पासून रुजवली. एच-इंडेक्स तर २००५ चा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. आज नोकरी, बढती, अनुदान सगळं त्यावर तोललं जातं. पण २०१४ साली ‘नेचर’ने सर्वाधिक उद्धृत शंभर निबंधांची यादी छापली, तेव्हा पहिला आला प्रथिनं मोजायची रीत सांगणारा लॉरी यांचा १९५१ चा निबंध, तीन लाखांहून जास्त उल्लेखांसह. पहिले तिन्ही क्रमांक प्रथिनांच्या प्रयोगरीतींचेच. आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध? तो शंभरात नव्हताच! गोष्ट सर्वांचीच झाली की संदर्भ द्यायची गरज कुणाला वाटत नाही. पिंप्रिनीन लिहिणारा प्रत्येक जण पिंपरीचा उल्लेख करतो, पण तो कुठल्याही मोजणीत धरला जात नाही. माझ्या मते एच.ए.च्या त्या पिढीची खरी कमाई अशा नावांतच आहे.

अँटिअमीबिन या अँटिबायोटिकचंच पाहा. १९६८ साली बुलेटिनमध्येच त्याची पहिली माहिती आली. ते देणाऱ्या बुरशींपैकी एकीचं नाव एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस, दुसरीचं सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना. अमीबा आणि जंतांवरचा उपाय म्हणून ते शोधलं होतं. पण पेशीच्या पडद्यात आयनांसाठी वाट पाडण्याचा त्याचा गुण पाहून जीवभौतिकीवाले त्याच्या मागे लागले. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तीस वर्षांनी!

पिंप्रिनीन ज्याने दिलं, त्या स्ट्रेप्टोमायसिसची तर तुमची-आमची ओळख फार जुनी आहे. वळिवाचा पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो सुवास येतो, त्यातला जिओस्मिन हा रेणू प्रामुख्याने हेच जिवाणू बनवतात. २००२ साली त्यांच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जातीचा जीनोम वाचून झाला, तेव्हा ७,८२५ जनुकं निघाली. माणसाची जेमतेम वीस हजार! शिवाय वेगवेगळी रसायनं बनवू शकणारे वीसहून जास्त जनुकसंच सापडले. प्रयोगशाळेत त्यातली थोडीच तोवर दिसली होती. म्हणूनच आता जुन्या संग्रहांतले जिवाणू पुन्हा काढून त्यांचे जीनोम वाचले जातात. पूर्वी एकच अँटिबायोटिक मिळालेल्या जिवाणूकडे आणखी किती जनुकसंच गप्प बसलेत, ते असं कळतं.