विमा घेण्यापूर्वी नोंदणी पाहा

मालवण-देवगड किनाऱ्यावर होडीच्या इंजिनावर किंवा पर्यटक निवासातल्या फ्रिजवर ‘संरक्षण’ देऊ करणारा प्रत्येक कागद विमा नसतो. १९३८च्या विमा कायद्यानुसार विमा कंपनीला नोंदणी अनिवार्य असून, ती देणारे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजेच इर्डाई, स्वतः कधीही पॉलिसी विकत नाही. वाढीव वॉरंटी, म्हणजे मूळ मुदत संपल्यावरच्या दुरुस्तीची पैसे घेऊन दिलेली हमी, हा मात्र सेवाकरार असल्याने, तिच्याविषयीची तक्रार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. बनावट पॉलिसीबाबत पोलिसांकडे फिर्याद द्यावी. हप्ता भरण्यापूर्वी पॉलिसीवरील नोंदणी क्रमांक इर्डाईच्या संकेतस्थळावर पडताळावा, रक्कम एजंटाच्या खात्यात न टाकता कंपनीच्या नावेच भरावी आणि पावती जपून ठेवावी.